टीव्हीचा आवाज येतो, चित्र नाही. पॅनल (पडद्याची काच) घरी उघडावं का?

मंडळी, मदत हवी आहे.

४३ इंची एलईडी टीव्ही, सहा वर्षं वापरलेला. महिनाभर त्याचं असं चाललं होतं की लावला की दोन सेकंद चित्र आणि मग गुडुप. चार वेळा बंद-चालू केलं की एखाद्या वेळी टिकायचं. परवापासून तेवढंही नाही. आवाज मात्र ठणठणीत, रिमोटने चॅनेलही बदलतात. आई मालिका रेडिओसारखी ऐकते आणि मध्येच "आता कोण आलं?" असं मलाच विचारते, म्हणून जरा घाई.

खोलीत अंधार करून टॉर्च स्क्रीनला चिकटवून तिरपी धरली, तर बातम्या देणारीचा चेहरा पुसट दिसला. म्हणजे पॅनल शाबूत, बॅकलाइट (पडद्यामागचे दिवे) गेली, असं धरून चाललोय. मागचं झाकण काढलं. पॉवर बोर्डवर फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) एकही नाही. बॅकलाइटच्या कनेक्टरवर मीटर लावला, तर टीव्ही सुरू करताच व्होल्टेज १४० च्या वर उसळतं आणि लगेच पडतं.

ड्रायव्हर (बॅकलाइटला वीज देणारं सर्किट) गेलाय की बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या? पट्ट्या असतील तर पॅनल एकट्याने उचलता येईल का?

प्रतिसाद १
व्होल्टेज उसळतंय म्हणजे ड्रायव्हर जिवंत आहे. एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक उडाला की अख्खी ओळ विझते. करंट पुढे जात नाही म्हटल्यावर ड्रायव्हर स्वतःच बंद होतो. पट्ट्याच गेल्यात.

पॅनल एकट्याने अजिबात नको. काच जरा पिळली की तडकते, आणि कडेच्या पातळ फितींपैकी एक जरी फाटली तरी टीव्ही भंगारात. मधल्या पांढऱ्या शीट निघतील तसे फोटो काढा, क्रम चुकला की पडद्यावर डाग दिसतात. एकच एलईडी बदलायचा मोह नको, बाकीचेही तितकेच थकलेत. पट्टीवर छापलेला नंबर बघून पूर्ण सेट घ्या, एलईडी ३ व्होल्टचे की ६ व्होल्टचे ते जुळलंच पाहिजे.

आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात. दोन्ही हात लागले तर झटका छातीतून जातो. चालू बोर्डवर मीटर लावलात तेव्हा दुसरा हात कुठे होता?

धागाकर्ता
खिशात. मीटरवाला थरथरत होता. रविवारी मेव्हणा येतोय, त्यालाच काच धरायला लावतो. बॅकलाइटची सेटिंग कायम १०० टक्क्यांवर होती, तेच भोवलं का?

प्रतिसाद १
बहुधा. नव्या पट्ट्यांना ६०-७० टक्के पुरे.