मदत हवी आहे: एसी वर्गात सीओटू मीटर १४००वर, सोमवारपासून परीक्षा

कोपरा_खोली
कॅम्पसवर पुन्हा तापाची साथ आहे. वर्गातला सीओटू (श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड) मीटर १४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १४०० भाग) आसपास असतो, तो ८००च्या खाली हवाय. खिडक्या उघडा सांगू नका, पाऊस थेट बाकांवर येतो. एअर प्युरिफायर किती घेऊ? खरेदीचा कागद आजच वर पाठवायचाय.

झरोका
खोली केवढी? मुलं किती? एसी स्प्लिट की डक्टचा? काहीच लिहिलं नाहीत. आणि प्युरिफायर कण गाळतो, वायू नाही. मीटर जागचा हलणार नाही.

फिनेल_नको
आधी बाकं पुसा. ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट १ भाग, पाणी ४९ भाग. १० मिनिटं ओलं राहू द्या. रोज ताजं करा, उन्हात पडलेल्या कॅनमधल्याचा जोर गेलेला असतो. ॲसिडजवळ नेऊ नका, क्लोरीन सुटतो.

झरोका
अहो, बाकांचं विचारलंय कुणी?

कोपरा_खोली
स्प्लिट, दोन. ९ बाय ७ मीटर, उंची ३.२. मुलं ६०. सगळं बंद. शिपाई सॅनिटायझर फवारून गेला की २२०० दाखवतो, मग उतरतो.

मोजपट्टी
इथेच गोम आहे. खोली २०० घनमीटरची. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर सीओटू सोडतो, ६० जणांचे हजारावर लिटर झाले. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, म्हणजे तासाभरात आकडा ३०००च्या पुढे जायला हवा. तुमचा मीटर बहुधा सीओटू मोजतच नाही. स्वस्त मीटर इतर वाफांवरून अंदाज छापतात, म्हणून तर सॅनिटायझरने उडी मारली. एनडीआयआर सेन्सरचा घ्या, तो इन्फ्रारेड प्रकाशाने खरा सीओटूच मोजतो. गच्चीवर ४२०-४५० दाखवला तरच विश्वास ठेवा.

थर्मल_गन
गेटवर ताप मोजताय ना? उन्हातून आलेल्याला पाच मिनिटं सावलीत उभं करून मगच मोजा.

झरोका
गन राहू द्या. दोन एक्झॉस्ट फॅन ठोका, काम झालं.

मोजपट्टी
नाही झालं. ६० जणांत ८०० हवं तर तासाला २८०० घनमीटर बाहेरची हवा लागते, एसी त्यापुढे टिकणार नाही. शिवाय हवा आत यायला वाट नसेल तर फॅन पॅसेजची, नाहीतर संडासातली हवा ओढतो. समोरच्या भिंतीत वर, छज्जाखाली, पाऊसझडपीची जाळी लावा. फॅन आणि जाळी एकाच भिंतीत नको, आलेली हवा खोलीत न फिरताच परत जाते. आणि फॅनच्या डब्यावरचा हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, झडपेने घटतो.

कोपरा_खोली
सोमवारपर्यंत भिंत कोण फोडून देणार? प्युरिफायरचं सांगा.

मोजपट्टी
मग एकाआड एक बसवा, खोलीत ३०च. मिळून तासाला १००० घनमीटर सीएडीआर (गाळून मिळणारी स्वच्छ हवा, डब्यावर लिहिलेली असते) होईल इतके प्युरिफायर घ्या, म्हणजे तासाला पाचदा हवा गाळली जाईल. पूर्ण वेगावर चालवा आणि आवाज आधी ऐकून घ्या. पर्यवेक्षक वैतागून वेग कमी करतात आणि सगळा हिशेब कोलमडतो. वाऱ्याच्या आडच्या बाजूची एखादी खिडकी चार बोटं उघडी ठेवता येईल का? कुठल्या दिशेला आहे वर्ग?

फिनेल_नको
आणि रेलिंग स्टीलचं असेल तर हायपोनंतर साध्या पाण्याने पुसा, गंज चढतो.