कुतूहल, जिज्ञासा, चौकशी : घरच्या माणसासाठी नेमका शब्द कोणता?

कृष्णाकाठ
सांगलीतल्या आमच्या शाळेत पालकसभेसाठी फलक लिहायचा आहे. विषय घरातलं मानसिक आरोग्य. हाती आलेलं वाक्य असं : 'मुलाकडे, जोडीदाराकडे आणि स्वतःकडेही जिज्ञासेने पाहा.' वाचल्यावर वाटतं, पोरगं म्हणजे विज्ञान प्रदर्शनात मांडलेला प्रकल्प. 'कुतूहलाने' लिहावं, तर एक सहकारी म्हणतात, शेजारच्यांकडे नवी गाडी आली की आपण पडद्याआडून बघतो ते कुतूहल. 'चौकशी' तर नकोच. ती आपल्याकडे एक तर खातेनिहाय होते, नाही तर स्थळाची. समोरच्याला पिंजऱ्यात उभं न करता जाणून घेणं, याला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे का?

वाईची लेक
कुतूहलाला नावं ठेवू नका. पडद्याआडून बघतात तो भोचकपणा. 'किती टक्के पडले?', 'पगार किती?', 'पाळणा कधी हलणार?' हे विचारणाऱ्याला उत्तर पुढच्या घरी पोचवायचं असतं. कुतूहल असलं की उत्तर काहीही निघालं तरी ऐकायची तयारी असते.
आणि फलकावर जागा असेल तर प्रश्न कसा विचारायचा तेही लिहा. 'का उशीर झाला?' म्हटलं की पोरगी सबब सांगते. 'आज कुठं रमली होतीस?' म्हटलं की निदान अर्धं तरी खरं बाहेर येतं. समुपदेशन शिकवतानाही 'का' जपून वापरा म्हणतात. सूर पोलिसी असेल तर मग कुठलाच प्रश्न कामाचा नाही, ते वेगळं.

धातुवेडा
जिज्ञासेला उगाच प्रयोगशाळेत बसवलंत. 'ज्ञा' धातूला इच्छा दाखवणारा 'सन्' प्रत्यय लागून ती झाली : जाणून घेण्याची इच्छा. पिपासा, मुमुक्षा याच घराण्यातल्या. ब्रह्मसूत्रांची सुरुवातच 'अथातो ब्रह्मजिज्ञासा' अशी आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगताना आर्ताच्या लगोलग जिज्ञासू येतो, म्हणजे दुखणाऱ्याच्या शेजारी विचारणारा. शब्द भारदस्त आहे, पण कोरडा नाही.
तुमच्या विषयाच्या जास्त जवळची या घराण्यातली दुसरीच एक आहे : शुश्रूषा. धातू 'श्रु', ऐकणे. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यातून सांगितलेलं ऐकणं, मग सेवा, आणि मराठीत येईतो आजाऱ्याची देखभाल. आज शुश्रूषा म्हटलं की मिरजेतला दवाखाना, उशाशी बसलेली मावशी आणि डब्यातली पेज आठवते. ऐकणं मधल्यामध्ये गळालं. रुग्णाला गोळी वेळेवर मिळते, पण तो बोलायला लागला की 'तू आता पडून राहा'!
चिकित्साही याच प्रत्ययाची. तिच्यात उपचार आणि खोलात जाऊन तपासणं हे दोन्ही अर्थ मराठीने टिकवले. घरात मात्र ती 'फार चिकित्सा करू नकोस' एवढ्यापुरतीच उरली आहे.

तासगावकर
आमच्याकडं साधा शब्द हाय, विचारपूस. त्यातलं 'पूस' म्हणजे पुसणे, जुन्या मराठीतलं विचारणे. 'म्हातारीला घरात कुणी पुसत न्हाई' म्हणतो तेव्हा तिला जेवायला मिळत नसतं असं न्हाई. ताट वेळेवर येतं, बोलायला कुणी येत न्हाई.
द्राक्षवाला रोज बागेत जाऊन पान उलटून बघतो. डाऊनी रोगाचा पिवळा डाग वरनं दिसतो, पण पांढरी बुरशी पानाच्या खालच्या अंगाला असती. पानावर वरडून काय उपयोग? तेच पोरगं गप बसलं की आपण पहिलं वरडतो. दहावीच्या वर्षाला तर जास्तच.

पुलापलीकडचा
'स्वतःकडेही' हा भाग राहिलाच. तिथे कुणी 'आत्मपरीक्षण' सुचवू नका. त्यात परीक्षा आहे, म्हणजे नापास होण्याची सोय आली. शिवाय तो शब्द आपण दुसऱ्यालाच सुनावतो : 'जरा आत्मपरीक्षण कर!' निवडणूक हरलेला पक्षही तेच करतो आणि त्यातून काय निघालं ते कधी कळत नाही. मला तरी 'मनाचा ठाव घेणं' बरं वाटतं. संध्याकाळी घरी आल्या आल्या चिडचिड झाली, तर 'मी असाच तापट' म्हणून मोकळं होण्याऐवजी दुपारी जेवलो होतो का, कुणाचं बोलणं लागलं होतं, हे बघायचं. माझ्याबाबतीत निम्म्या वेळा भूकच निघते.

वाईची लेक
एक सावधगिरी. विचारपूस म्हणजे उपचार नव्हे. झोप उडाली, जेवण तुटलं, माणूस दिवसचे दिवस खोलीबाहेर येत नाही, तर डॉक्टरकडे न्यायचं. अशा वेळी आपल्या आडवळणाच्या बोलीचा घोटाळा होतो. 'जिवाचं काही बरंवाईट' असं पुटपुटण्यापेक्षा 'आत्महत्येचा विचार मनात येतो का?' असं थेट, शांतपणे विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे तज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगतात. फलकाच्या तळाशी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन घाला : 14416. ती 2022 पासून सुरू आहे, मोफत आहे, रात्रीही उचलतात.

कृष्णाकाठ
ठरलं. वर मोठ्या अक्षरात 'घरच्या माणसाची विचारपूस करा, स्वतःचीही.' त्याखाली 'कुतूहलाने विचारा, शेवटपर्यंत ऐका.' तळाशी नंबर. शुश्रूषेचा अर्थ सभेत तोंडी सांगेन. मूळ वाक्य देणाऱ्या बाईंना जिज्ञासा हवीच असेल तर ती भाषणात येईल.

धातुवेडा
रंगवणाऱ्याला कागदावर लिहून द्या. कुतूहलात 'कु' ऱ्हस्व, 'तू' दीर्घ. आणि शुश्रूषा सभेत फळ्यावर लिहिणार असाल तर पहिला 'शु' ऱ्हस्व, 'श्रू' दीर्घ, शेवटी पोटफोड्या 'षा'. निम्म्या दवाखान्यांच्या पाट्यांवर 'सुश्रुषा' असते.