एलपीएन व्हावे की थेट आरएनच्या मागे लागावे?

एडिसनवासी:
नमस्कार. मी मूळची पुण्याची, आता न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारी, वाणिज्य शाखेची पदवीधर असून लग्नाआधी सहा वर्षे बँकेत नोकरी केली आहे. यंदा आम्हाला ग्रीन कार्ड मिळाले आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी नोकरीचा विचार नव्याने सुरू झाला. मागच्या हिवाळ्यात सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडल्यामुळे त्या पाच आठवडे पुनर्वसन केंद्रात होत्या. तिथे त्यांना रोज औषधे देणाऱ्या आणि टाक्यांची पट्टी बदलणाऱ्या बाई एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स आहेत आणि त्यांचे शिक्षण वर्षभरात झाले, हे कळल्यापासून मनात हाच विषय घोळतो आहे. रुग्णालये आता फक्त आरएन, म्हणजे अधिक शिकलेल्या रजिस्टर्ड नर्स घेतात असे काही जण सांगतात. ते खरे असेल तर एलपीएनला नोकरी मिळते कुठे? मुले दहा आणि सात वर्षांची असल्याने सलग तीन-चार वर्षे शिकणे मला कठीण आहे. अनुभवी मंडळींनी कृपया स्पष्ट मत द्यावे.

रातपाळी:
मी न्यू जर्सीतच आठ वर्षे एलपीएन म्हणून काम करते. नोकरीची चिंता करू नका, मात्र ती रुग्णालयात मिळेल असे धरून चालू नका. देशातल्या एलपीएनपैकी सुमारे एक तृतीयांश नर्सिंग होम आणि वृद्धांच्या निवासी केंद्रांत आहेत. बाकीच्या घरपोच शुश्रूषा, डॉक्टरांचे दवाखाने आणि काही प्रमाणात रुग्णालये अशा विखुरलेल्या आहेत. केंद्रीय श्रम खात्याच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये एलपीएनचे मध्यक (मीडियन) वार्षिक वेतन 62,340 डॉलर होते, तर आरएनचे 93,600. पुढच्या दशकात एकूण पदे फारशी वाढणार नाहीत, असाच त्या खात्याचा अंदाज आहे. तरीही निवृत्त होणाऱ्यांच्या आणि पेशा सोडणाऱ्यांच्या जागी दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक जागा निघतात.

आता काम कसे असते ते सांगते, कारण शाळेच्या माहितीपत्रकात हे नसते. दुपारी तीन ते रात्री अकराच्या पाळीत माझ्याकडे साधारण अठ्ठावीस रुग्ण असतात. चार वाजता औषधांची गाडी घेऊन निघायचे, जेवणाआधी बोट टोचून साखर तपासायची, इन्सुलिन द्यायचे, गिळायला त्रास होणाऱ्या आजोबांच्या गोळ्या कुटून सफरचंदाच्या गरात कालवायच्या (कोणत्या गोळ्या कधीच कुटायच्या नसतात हे तोंडपाठ हवे) आणि प्रत्येक गोळीची नोंद तिथल्या तिथे संगणकावर करायची. मध्येच कोणी पडले तर सगळे वेळापत्रक कोलमडते. हे वाचून तुम्हाला घाबरायला झाले नसेल, तर वयाची काळजी सोडा. माझ्या वर्गात पन्नाशीच्या दोघी होत्या.

ह्यूस्टनकर:
टेक्सास आणि कॅलिफोर्नियात याच परवान्याला एलव्हीएन (लायसन्स्ड व्होकेशनल नर्स) म्हणतात. मी तीन वर्षे एलव्हीएन होतो, आता आरएन आहे. दोन्हींतला फरक पगारापुरता नाही. आमच्या राज्यात रुग्णाची सर्वांगीण तपासणी करून शुश्रूषेची आखणी आरएनने करायची असते. एलव्हीएनने नेमून दिलेल्या बाबींची पाहणी करून ती वर कळवायची असते आणि कोणाच्या तरी देखरेखीखालीच काम करायचे असते. शिरेतून औषध देण्याचे नियम तर राज्यागणिक बदलतात.

माझी चूक मात्र तुम्ही करू नका. घाईपोटी मी एका खासगी संस्थेत भरमसाट शुल्क भरून प्रवेश घेतला. पुढे आरएनच्या जोड-अभ्यासक्रमाला गेलो तेव्हा तिथले एकही क्रेडिट धरले गेले नाही, आणि शरीररचनाशास्त्र मला कम्युनिटी कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. म्हणून प्रवेशापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारा: अभ्यासक्रमाला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, आणि तुमच्या जवळचे कम्युनिटी कॉलेज त्याचे क्रेडिट स्वीकारते का. परवान्याच्या परीक्षेचे शाळानिहाय निकाल बोर्डाच्या संकेतस्थळावर असतात, तेही पाहा. परीक्षेचे नाव एनक्लेक्स-पीएन. पाच तासांची मुदत, किमान 85 आणि कमाल 150 प्रश्न, आणि नापास झाल्यास 45 दिवस थांबावे लागते. तुमचे राज्य परवान्याच्या आंतरराज्य करारात असल्यामुळे बहुराज्यीय परवाना घेता येतो, पण कॅलिफोर्निया त्या करारात नाही.

मिरजेची जीएनएम:
थोडे विषयांतर, पण संबंधित आहे. माझी सांगलीची मैत्रीण जीएनएम (भारतातली नर्सिंगची पदविका घेतलेली) असून, एलपीएनच्या वाटेने अमेरिकेत यावे का, असे तिने विचारले आहे.

ह्यूस्टनकर:
मुळीच नको. परदेशी परिचारिकांसाठी ग्रीन कार्डाची जी सोपी तरतूद आहे, ती आरएन दर्जाच्या परिचारिकांसाठी आहे, एलपीएनसाठी नाही. त्यांनी आपल्या जीएनएमच्या शिक्षणाचे मूल्यमापन करून घेऊन एनक्लेक्स-आरएनच द्यावी. भारतीयांची रांग अनेक वर्षांची आहे, हेही त्यांना आधीच सांगा.

एडिसनवासी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काउंटीच्या तंत्रशिक्षण शाळेत चौकशी करते. तिथला प्रौढांसाठीचा अभ्यासक्रम खासगी संस्थेपेक्षा बराच स्वस्त दिसतो. मात्र खरे सांगायचे तर मला विष्ठा-मूत्र, रक्त हे सगळे जमेल की नाही याचीच शंका आहे, कारण सासूबाईंचे केले ते आपले माणूस म्हणून.

रातपाळी:
मग वर्षभराचे शुल्क भरण्याआधी सीएनए, म्हणजे नर्सिंग साहाय्यकाचे प्रशिक्षण घ्या. केंद्रीय नियमानुसार ते किमान 75 तासांचे असते, काही राज्यांत त्याहून अधिक. मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमने तुम्हाला आधीच नोकरीवर घेतले असेल, तर या प्रशिक्षणाचे पैसे ते तुमच्याकडून घेऊ शकत नाही. स्वतः शिकून बारा महिन्यांच्या आत अशा ठिकाणी लागलात, तर खर्चाची परतफेड मागता येते. दोन महिने रुग्णांना अंघोळ घाला, कूस बदला, चादरी बदला. माझ्या ओळखीतल्या दोघींनी तेवढ्यातच नाद सोडला, आणि एक बाई आता माझ्याच मजल्यावर औषधांची गाडी फिरवते.