युरिया टाकला तरी भात पिवळंच! मदत हवी आहे

कुणगेवाला: भात पिवळं पडलंय. युरिया दिला, फरक शून्य. दुकानदार म्हणतो अजून एक गोणी टाका. टाकू का? लवकर सांगा, उद्या गडी येतायत.

तळकोकणी: लावणी कधीची? वाण कुठलं? युरिया टाकला तेव्हा खाचरात पाणी किती होतं?

कुणगेवाला: लावणी जुलैच्या सुरुवातीची. पाणी असणारच ना, भात आहे!

तळकोकणी: अहो, घोट्याएवढं की पोटरीएवढं?

कुणगेवाला: पोटरीच्या जरा खाली. पाऊस थांबतच नव्हता, बांधावरून वाहत होतं.

आडवाटे: मग तुमचा युरिया खालच्या खाचरवाल्याला पावला.

चिखलणी: अजून गोणी अजिबात नको. युरियाचा दोन-चार दिवसांत अमोनियम होतो आणि भात मुख्यतः तोच घेतं. चिखलात मुरला तर मातीच्या कणांना धरून राहतो. वरच्या पाण्यात राहिला तर दिवसा शेवाळामुळे पाण्याचा सामू (pH) चढतो आणि नत्र, म्हणजे नायट्रोजन, अमोनिया होऊन उडून जातं. वरच्या थरात नायट्रेट झालं, तर ते खालच्या बिनहवेच्या चिखलात उतरून वायू होऊन जातं. म्हणून आधी पाणी काढायचं, खत चिखलात कालवायचं, मग पाणी घ्यायचं.

गोळीवाले काका: एवढा व्याप कशाला? युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांची 2.7 ग्रॅमची गोळी चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या, मध्ये 7 ते 10 सेंमी खोल खुपसा. चारसूत्री भातलागवडीतलं एक सूत्र आहे हे.

तळकोकणी: काका, ती लावणीच्या वेळी द्यायची. आणि दोरीवर लावणी नसेल तर चार चुडांचा चौकोन शोधणार कुठे?

गोळीवाले काका: पुढच्या वर्षासाठी सांगतोय. फोकून खत घालवणाऱ्यांना कधी पटलंय!

हिशेबी: गोणी 2018 पासून 45 किलोची आहे, 50 ची नाही. 46 टक्क्यांनी नत्र 20.7 किलो.

आडवाटे: हे कोणी विचारलं?

चिखलणी: कुणगेवाले, पिवळी पानं खालची की नवी? एक चूड उपटून मुळंही बघा. तांबूस असली तर घाबरू नका, मुळांतून ऑक्सिजन झिरपतो म्हणून लोहाचा थर बसतो. काळी असली तर वास घ्या.

कुणगेवाला: खालची पिवळी, वर तांबडे ठिपके. मुळं काळी, कुजक्या अंड्यासारखी घाण येतेय.

चिखलणी: मग मुळांचा जीव गुदमरलाय, त्यांना नत्र उचलताच येत नाहीये. खाचरातलं पाणी काढून टाका, चिखलाला बारीक भेगा पडू द्या. ठिपके जस्त कमी असल्याचे वाटतात, पण करपा रोगही असू शकतो. पानाचा जवळून फोटो टाका.

कुणगेवाला: बांध फोडला. गड्यांना नको म्हणून कळवलं. फोटो उजेडात टाकतो. जस्तच निघालं तर झिंक सल्फेट गुंठ्याला किती?

चिखलणी: पाव किलो. डीएपीत मिसळू नका.

गोळीवाले काका: आमच्या गोळीत...

पुणेकर_माहेरवाशीण: कोणाकडे हातसडीचा इंद्रायणी मिळेल का? पाच किलो हवाय.