गावातली बेकरी, गावातली कॉफी : तुमचे अनुभव लिहा

पुण्या-मुंबईच्या इराण्यांवर रग्गड लिहून झालंय. हा धागा तालुक्याच्या गावांसाठी. भट्टी लाकडाची की डिझेलची, खारी किती वाजता निघते, कॉफी मिळते का आणि मिळाली तर निवांत बसू देतात का, सगळं येऊ द्या. आमच्या साताऱ्याकडे कॉफी म्हणजे घरची, जायफळ घातलेली, तीही पाहुणे आले तरच. बाहेर जाऊन पैसे देऊन कॉफी प्यायची असते हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

नानकटाईवाली

आमच्या इस्लामपूरकडे दिवाळीच्या तोंडावर घरचं सामान बेकरीत नेऊन नानकटाई करून आणायचो. मैदा, थोडा रवा, पिठीसाखर, वेलदोडे आणि डालडा. बेकरीवाला किलोवर मजुरी घ्यायचा. परातीत साखर-डालडा तळहाताने फेसायचं काम गिऱ्हाइकाकडेच. पांढरंशुभ्र, हलकं होईस्तोवर थांबायचं नाही. हात भरून यायचे. मग गोळे वळून काळ्या पत्र्यांवर मांडायचे, आणि तो लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सरकवायचा. आई कोपऱ्यातल्या गोळ्यांवर काट्याने फुली मारून ठेवायची, कारण शेजारच्या काकूंचं साजूक तुपातलं असायचं आणि आमचं डालड्यातलं. पत्र्यांची अदलाबदल झाली की पुढे भाऊबीजेपर्यंत अबोला! गरम गरम डब्यात भरली तर घाम धरून मऊ पडते, म्हणून आम्ही पोरं मैद्याच्या पोत्यांवर बसून ती निवायची वाट बघायचो. फुटलेल्या आमच्या. आणि एकही फुटली नाही तर फोडायची सोय होतीच.

उंडे_आणि_भाजी

माझं सासर गोव्यात, पेडण्याला. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवरून रबरी भोंगा वाजवत येतो. टोपलीत पाव, उंडे, कात्रे, कोंड्याची पोळी (हे सगळे पावाचेच प्रकार) आणि चहात बुडवायला बांगडीसारखी कडक कांकणां. पूर्वी पीठ सुरेने, म्हणजे माडाच्या ताडीने, फुगवायचे, आता यीस्ट. सासरे अजून त्यावरून कुरकुरतात. पोळी आली की लगेच खावी, दुपारपर्यंत तिचं चामडं होतं. कॉफी शॉप मी तिथे शोधलेलंच नाही.

तालुक्यातली_बाई

लिहू की नको, असं झालं होतं. आमच्या गावात 'कॅफे' अशी पाटी दिसली की आत प्लायवूडचे कप्पे, पडदे आणि तासावर पैसे. अधूनमधून धाड पडल्याची बातमी येते. त्यामुळे दोन शिक्षिकांना शाळा सुटल्यावर अर्धा तास बोलत बसायचं असेल तर जायचं कुठे? हॉटेलात 'फॅमिली' खोलीत पाठवतात, तिथे पंखा नसतो. एका कॅफेत आम्ही शिरलो, तर काउंटरवरचा पोरगाच आम्हाला बघून बावरला. माजी विद्यार्थी निघाला!

शेवटी स्टँडसमोरच्या बेकरीवाल्याने दारात दोन बाकडी टाकली. कॉफी इन्स्टंटची, काचेच्या ग्लासात, साखर बेसुमार. सोबत जिरा बटर. पण दिवसाउजेडी, रस्त्याकडे तोंड करून बसता येतं आणि कुणी 'अजून काय आणू' म्हणत उठवत नाही. आता अकरावी-बारावीच्या मुलीही तिथे वही उघडून बसतात. शहरातल्यांना हे किरकोळ वाटेल.

वऱ्हाडी_फिल्टर

महाराष्ट्रात कॉफी पिकते हे कुणीच लिहिलं नाही! अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला. मेळघाटातलं थंड हवेचं ठिकाण, उंची अकराशे मीटरच्या आसपास. आणि तिथल्या टपरीवर मला मिळाली काय, तर पाकिटातली इन्स्टंट. तिथल्या कॉफीची पावडर मिळाली तर घ्या, पण चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) मिसळली आहे का ते आधी विचारा.

राईनकाठी

जर्मनीतल्या छोट्या गावात राहतो. रविवारी सगळी दुकानं बंद, बेकरी तेवढी सकाळी काही तास उघडी. आजीआजोबांची रांग असते. राय (rye) नावाच्या धान्याचा आंबट, जड पाव पहिल्यांदा घशाखाली उतरेना. आता शेंगदाण्याच्या चटणीबरोबर झकास लागतो. अर्धाच मागितला तरी कापून देतात, हे एकट्या माणसाला बरं.

साताऱ्याचा (धागाकर्ता)

नानकटाईवाली, घरी ओव्हनमध्ये साजूक तुपात केली तर पसरते. काय चुकतं?

नानकटाईवाली

तूप पातळ घेत असणार. थिजलेलं, रवाळ घ्या, गोळे वळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. आणि फेसायचं हातानेच, मिक्सर काढू नका.