मारबतीची गोष्ट छायाचित्रांनी सांगावी की शब्दांनी? मदत हवी आहे

नमस्कार. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या, म्हणजे मोठ्या स्त्री-पुतळ्यांच्या, मिरवणुकीवर मी एक छोटी पुस्तिका तयार करत असून, गेल्या ६ वर्षांत काढलेल्या छायाचित्रांतून तिच्यासाठी ४० निवडली आहेत. इतवारी भागातल्या गर्दीतून डोलत येणारी मारबत, बडग्यांचे (सोबतच्या पुरुष-पुतळ्यांचे) चेहरे, गच्च्यांवरून वाकून पाहणाऱ्या बाया हे सारे छायाचित्रात असे उतरते की त्यावर शब्द खर्च करू नयेत असे मला वाटते. परंतु ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी चित्रात ऐकू येत नाही, आणि रोगराई व इडापीडा गावाबाहेर जावी म्हणून हे पुतळे शेवटी जाळतात, हेही बाहेरच्या वाचकाला नुसते पाहून कळणार नाही.

माझी खरी अडचण एका छायाचित्रापाशी आहे. त्यात एक वृद्ध बाई मारबतीपुढे हात जोडून उभ्या आहेत. नातवाच्या दुखण्यासाठी आल्याचे त्यांनी मला सांगितले होते. ते वाक्य खाली लिहिताच बाकीचे चित्र, अगदी त्यांच्या हातांवरचा सुंदर उजेडसुद्धा, दिसेनासा होतो, आणि न लिहिल्यास त्यांचे दुःख हरवते. असा मजकूर चित्राखाली द्यावा, पान उलटल्यावर द्यावा, की सगळा शेवटी एकत्र द्यावा? छायाचित्रांच्या पुस्तकाचे संपादन किंवा मांडणी केलेल्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.