गुग्गुळाची डीपीपीएच चाचणी: रीडिंग उलटं वाढतंय

प्रश्न: अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायला डीपीपीएच हे जांभळं रसायन वापरतोय (अँटिऑक्सिडंटने त्याचा रंग फिका पडतो). त्यात कच्छच्या गुग्गुळाचा मेथॅनॉल अर्क टाकला की ५१७ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण कमी होण्याऐवजी वाढतं. द्रावण गढूळ दिसतं. काय चुकतंय?

उत्तर १: गढूळपणा डिंकाचा. तो मेथॅनॉलमध्ये विरघळत नाही. गुग्गुळ फ्रीजरमध्ये कडक करून कुटा, नाहीतर खलाला चिकटतो. १ ग्रॅमला २० मिली इथाइल अ‍ॅसिटेट घालून रात्रभर हलवत ठेवा. गाळून ४० अंशांखाली सुकवा, मगच मेथॅनॉलमध्ये घ्या.

उत्तर २: अर्काचा तपकिरी रंगही रीडिंगमध्ये येतो. प्रत्येक सांद्रतेला डीपीपीएचविना ब्लँक (फक्त अर्काचं रीडिंग) लावून वजा कराच. डीपीपीएच ०.१ मिलिमोलर, अंधारात ३० मिनिटं.

उत्तर ३: गुग्गुळातल्या गुग्गुलस्टेरॉन या स्टेरॉइडकडून इथे फार अपेक्षा नको, त्यात डीपीपीएचचा रंग घालवणारा फिनॉलिक हायड्रॉक्सिल गटच नाही. गुग्गुळातल्याच फेरुलेट एस्टरांकडे बघा, त्यांत तो असतो.